दारूतून सुटलेला कामगार सल्लागार होतो तेव्हा

कारखान्याच्या टाइम ऑफिसातील मस्टर ही व्यसनाची पहिली नोंदवही होय. पगारानंतरचे दोन-तीन दिवस, साप्ताहिक सुटीचा दुसरा दिवस, सणाचा दुसरा दिवस अशा ठरावीक जागी एकाच नावापुढे खाडा पडू लागला, की अनुभवी टाइमकीपरला कारण विचारण्याची गरज उरत नाही. रजेच्या अर्जावर मात्र कारणे निराळी असतात. ताप, पोटदुखी, गावाकडील मयत. अशा अर्जांतून एकाच कामगाराची आजी तीनदा वारते, असा विनोद कार्यालयात होतो आणि अर्ज फाइलीस लागतो. पुढचा क्रमही ठरलेला असतो. तोंडी समज, लेखी समज, आरोपपत्र, निलंबन आणि अखेर बडतर्फी. १९४६ च्या औद्योगिक रोजगार कायद्याखालील आदर्श स्थायी आदेशांत दारूच्या नशेत असणे हे गैरवर्तनाच्या यादीत होते. ते तेथे असणे गैरही नव्हते, कारण नशेतला हात यंत्रावर चालणे म्हणजे त्या हाताला आणि शेजारच्याच्या हातालाही धोका. परंतु या सर्व कागदपत्रांच्या प्रवासात, त्या माणसाशी त्याच्या दारूविषयी सरळ बोलले असे कोणीच नसते.

हे बोलणे कोणी करावयाचे, हा या लेखाचा विषय आहे. जगातील अनेक कारखान्यांनी आणि उपचार केंद्रांनी त्याचे जे उत्तर शोधले, ते प्रथमदर्शनी विचित्र वाटावे असे होते. त्यांनी हे काम अशा माणसाकडे सोपविले, की जो स्वतः एके काळी दारूच्या पूर्ण आहारी गेलेला होता आणि आता तिच्यापासून दूर राहत होता.

फोरमनला जे जमत नाही

एखादा लेथवर काम करणारा कामगार घेऊ. वय चाळिशीच्या आसपास, नोकरी पंधरा वर्षांची, हातात कसब. फोरमन त्याला बाजूला घेऊन विचारतो, "काय रे, फार पितोस का हल्ली?" उत्तर ठरलेले असते, "नाही साहेब, कधीतरी सणावाराला." फोरमनला ते खोटे आहे हे कळते आणि ते त्याला कळले आहे हे कामगारालाही कळते. येथे संभाषण संपते. डॉक्टरकडे पाठविले, तर यकृताला सूज आहे, पिणे बंद करा, असा सल्ला आणि गोळ्यांची चिठ्ठी मिळते. घरी पत्नी रडते, शपथा घालते. तोही मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतो आणि घेताना ती खरीच घेतो. हे सांगणे अगत्याचे आहे, कारण मद्यासक्त माणूस शपथ मोडतो म्हणून तो मुळातच लबाड होता असा समज सर्वत्र आढळतो.

आता त्याच कामगारासमोर सुटलेला माणूस बसतो. तो "पिता का?" असे विचारतच नाही. सकाळी उठल्यावर हात थरथरतात काय, पहिला घोट घेतल्यावर थरथर थांबते काय, बाटली हत्यारांच्या पेटीत ठेवता की संडासाच्या टाकीत, असे तो विचारतो. आणि आपण स्वतः ती कोठे ठेवीत होतो, तेही सांगून टाकतो. ज्या गोष्टी लपविण्यात रोजचे निम्मे शहाणपण खर्च होत होते, त्या समोरच्याला आधीच ठाऊक आहेत, हे लक्षात आल्यावर नाकारण्याचे प्रयोजन राहत नाही. पुष्कळदा त्या पहिल्या भेटीत कामगार फार बोलत नाही. मात्र तो पुन्हा भेटावयास येतो, आणि या कामात पुन्हा येणे हीच मोठी मिळकत समजली जाते.

रबराच्या शहरात

या पद्धतीचा इतिहास अमेरिकेत नीट नोंदला गेलेला आहे. बोस्टन येथील इमॅन्युएल चर्चमध्ये विसाव्या शतकाच्या आरंभी एक उपचारकार्य चाले. तेथे १९११ साली आलेला कोर्टने बेलर हा विमा-व्यवसायातील गृहस्थ दारूतून सुटला आणि पुढे त्याच ठिकाणी पगार घेऊन इतर मद्यपींना मदत करू लागला. वैद्यकाची पदवी नसलेला, स्वतः त्या आजारातून गेलेला आणि त्या अनुभवावर उपजीविका करणारा असा हा बहुधा पहिलाच सल्लागार.

त्यानंतर १९३५ साली ओहायो राज्यातील ॲक्रन या गावी दोन मद्यपींची भेट झाली. ॲक्रन हे मोटारींचे टायर बनविणारे, रबर-कारखान्यांचे शहर. बिल विल्सन हा न्यूयॉर्कचा शेअरदलाल धंद्याच्या कामासाठी तेथे आला होता. व्यवहार फसला, मन पुन्हा दारूकडे ओढ घेऊ लागले. अशा वेळी दुसऱ्या एखाद्या मद्यपीशी बोललो तर आपण वाचू, असे त्याला वाटले. त्याला भेटला तो गावातील शल्यविशारद डॉ. बॉब स्मिथ. या भेटीतून 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' ही जगभर पसरलेली चळवळ जन्मली. विल्सन डॉक्टरांकडे त्यांना सुधारावयास म्हणून गेला नव्हता, तर स्वतः टिकून राहावे म्हणून गेला होता. पुढे सुटलेल्या माणसांकडून जे जे काम उभे राहिले, त्याच्या मुळाशी ही गोष्ट आहे. १९३९ मध्ये या चळवळीने आपले पहिले पुस्तक काढले, त्यात एक स्वतंत्र प्रकरण मालकवर्गाला उद्देशून होते, यावरून कामाची जागा आरंभापासूनच तिच्या नजरेसमोर होती असे दिसते.

मात्र या कामासाठी पगार घ्यावा की नाही, हा प्रश्न लवकरच उपस्थित झाला. न्यूयॉर्कच्या ज्या टाउन्स रुग्णालयात विल्सनवर उपचार झाले होते, त्याच्या मालकाने त्याला तेथे पगारी सल्लागार म्हणून येण्याचे आमंत्रण दिले. विल्सनच्या घरी त्या काळी पैशाची चणचण होती. तरीही त्याच्या गटातील सोबत्यांनी ही गोष्ट मान्य केली नाही. जे आपणांस फुकट मिळाले ते विकू नये, असे त्यांचे म्हणणे पडले आणि त्याने ते मानले. चळवळीचा दंडक आजही तोच आहे. गटातील मदत विनामूल्य आणि बिनपगारी असते. सुटलेला माणूस एखाद्या संस्थेत वा कारखान्यात समुपदेशक म्हणून नोकरी धरतो, तेव्हा तो संस्थेचा नोकर असतो. संध्याकाळच्या गटसभेत मात्र इतरांसारखाच एक सभासद. ही दोन नाती वेगळी ठेवणे फार कठीण जाते.

कारखाना, शासन आणि कायदा

रासायनिक उत्पादने करणाऱ्या ड्यू पाँट कंपनीत १९४० च्या दशकात वैद्यकीय संचालक डॉ. जॉर्ज गेरमन यांनी मद्यासक्त कामगारांसाठी कार्यक्रम सुरू केला. या कामी त्यांनी कंपनीतीलच एका दारूमुक्त कर्मचाऱ्याची मदत घेतली. युद्धकाळ होता, कुशल हातांचा तुटवडा होता. शिकवून तयार केलेला माणूस काढून टाकण्यापेक्षा त्याला बरा करणे स्वस्त पडते, हा हिशेब त्या काळी पटकन पटला. हा हिशेब कोणाला कोरडा वाटेल. परंतु केवळ भूतदयेवर उभे असलेले कार्यक्रम कारखान्यात फार काळ टिकत नाहीत.

शासकीय सेवेतील पहिले उदाहरण मिनेसोटा राज्यातील आहे. विल्मार येथील सरकारी मनोरुग्णालयात डॉ. नेल्सन ब्रॅडली आणि मानसशास्त्रज्ञ डॅनियल अँडरसन यांनी मद्यपींच्या उपचारात दारूमुक्त माणसांना सामील करून घेण्याचे ठरविले. त्यासाठी १९५४ मध्ये राज्याच्या नागरी सेवेत मद्यासक्तीविषयक सल्लागाराचे रीतसर पद निर्माण करण्यात आले. सरकारी नोकरीच्या अर्जात जी गोष्ट सामान्यतः दडवावी लागते, ती येथे पात्रता ठरली. शिकलेल्या व्यावसायिकांकडून त्यास विरोध झाला, तो स्वाभाविकच होता. पुढे डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ आणि सुटलेला माणूस यांनी एकत्र काम करण्याची जी पद्धत रूढ झाली, ती मिनेसोटा पद्धत म्हणून ओळखली जाते. आज अनेक देशांतील केंद्रे तिच्या आधारे चालतात.

कायद्याच्या बाजूने सर्वांत मोठे पाऊल ज्याने टाकले, तो हॅरॉल्ड ह्यूज हा आयोवा राज्यातील ट्रकचालक होता. दुसऱ्या महायुद्धात लढलेला आणि नंतर दारूने पुरता खचलेला हा माणूस १९५० च्या दशकात तिच्यातून बाहेर पडला, १९६३ ते १९६९ राज्याचा गव्हर्नर झाला आणि नंतर सिनेटवर निवडून आला. आपले जुने व्यसन त्याने मतदारांपासून लपविले नाही. त्याच्या पुढाकाराने झालेल्या कायद्यावर ३१ डिसेंबर १९७० रोजी राष्ट्राध्यक्षांची सही झाली. त्या कायद्याने मद्यासक्तीसाठी राष्ट्रीय संस्था स्थापन झाली आणि केंद्र सरकारच्या नागरी कर्मचाऱ्यांसाठी उपचाराची सोय करणे बंधनकारक झाले. १९७२ मध्ये प्रत्येक राज्याला दोन याप्रमाणे सुमारे शंभर सल्लागार प्रशिक्षित करून उद्योगांकडे पाठविण्यात आले. त्यांपैकी बरेच जण स्वतः दारूतून सुटलेले होते.

या काळात एक महत्त्वाची सुधारणा झाली. आरंभी पर्यवेक्षकांना कामगाराचे लाल डोळे, थरथरते हात, तोंडाचा वास अशी लक्षणे पाहण्यास शिकविले जाई. त्यातून फोरमन अर्धवट वैद्य बनले आणि ज्याच्यावर संशय घेतला तो कामगार चिडून अधिकच दडू लागला. कॉर्नेल विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ हॅरिसन ट्राइस यांच्यासारख्या अभ्यासकांनी निराळा मार्ग मांडला. फोरमनने दारूचा उल्लेख टाळून खाडे, उशिरा येणे, बिघडलेले नग, झालेले अपघात एवढेच तारीखवार लिहून ठेवावे आणि तो कागद कामगारापुढे ठेवावा. काम सुधारले पाहिजे, नाहीतर नियमाप्रमाणे कारवाई होईल. आणि काही अडचण असेल, तर अमुक माणसाला भेटता येईल. हा अमुक माणूस म्हणजे सल्लागार. फोरमनने दार दाखवावयाचे आणि दाराआड काय बोलणे झाले ते विचारावयाचे नाही, अशी ही विभागणी आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने कामाच्या ठिकाणच्या मद्य व मादक द्रव्यविषयक प्रश्नांसाठी जी आचारसंहिता १९९६ मध्ये प्रसिद्ध केली, तिनेही व्यसन हा आरोग्याचा प्रश्न मानावा आणि उपचार घेणाऱ्याची माहिती गुप्त ठेवावी, यावर भर दिला आहे.

महाराष्ट्रात

आपल्या राज्यात हे काम मुख्यतः स्वयंसेवी संस्थांच्या हातून वाढले. मुंबईत वांद्रे येथे १९८१ साली फादर ज्यो परेरा यांनी कृपा फाउंडेशन सुरू केले. स्वतः आपण दारूच्या व्यसनातून सुटलो आहोत, हे ते उघडपणे सांगत आले. त्यांच्या कार्यासाठी २००९ मध्ये त्यांना पद्मश्री देण्यात आली. पुण्यात २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता अवचट आणि लेखक अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांच्या साहाय्याने मुक्तांगण हे केंद्र येरवडा येथे उभे केले. उपचार घेऊन बरे झालेल्यांपैकी काही जण तेथेच कार्यकर्ते होतात, वर्ग चालवितात, नव्याने दाखल झालेल्यांच्या सोबत राहतात. पत्नींसाठी 'सहचरी' हा स्वतंत्र गट आहे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा तर शहरोशहरी, बहुधा शाळेच्या वा चर्चच्या एखाद्या खोलीत, कोणतीही फी न घेता भरतात.

गरज किती मोठी आहे, हे केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेकडून करविलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीवरून दिसते. देशात १० ते ७५ वयोगटातील सुमारे १६ कोटी लोक मद्य घेतात आणि त्यांपैकी जवळजवळ २.९ कोटी लोक मद्यावर पूर्णपणे अवलंबून आहेत. अशा अवलंबून असणाऱ्या ३८ जणांपैकी एकालाच कोणत्या तरी स्वरूपाचा उपचार मिळाल्याचे आढळले. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दारू व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्थांचा मानसिक आजारात समावेश केला, त्यामुळे उपचार हा या रुग्णांचाही हक्क ठरला. सल्ल्यासाठी १४४४६ या क्रमांकावर निःशुल्क दूरध्वनी करता येतो.

सल्लागाराच्या मर्यादा

सुटलेला माणूस डॉक्टर नव्हे, ही गोष्ट त्याला स्वतःला सर्वांत आधी शिकवावी लागते. "मी एका रात्रीत सोडली, तूही सोड" हा सल्ला जीवघेणा ठरू शकतो. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केली, तर सहा ते चोवीस तासांत हात कापू लागतात, दरदरून घाम सुटतो, झोप उडते. काहींना झटके येतात. दोन ते चार दिवसांत काहींना भ्रम होऊ लागतो, भिंतीवर नसलेले किडे दिसतात, आपण कोठे आहोत हे समजत नाही. या अवस्थेत वैद्यकीय मदत न मिळाल्यास मृत्यूही ओढवतो. म्हणून पहिला आठवडा डॉक्टरांच्या देखरेखीखालीच काढावा लागतो. थरथर व झटके आवरणारी औषधे आणि ब-१ जीवनसत्त्व देण्याचे काम त्यांचे. सल्लागाराने त्या काळात खाटेपाशी बसावे.

दुसरी धोक्याची गोष्ट घराघरांत घडते. डायसल्फिरम या औषधाचा हा उपयोग १९४८ मध्ये डेन्मार्कमध्ये पुढे आला. ते घेतलेल्या माणसाने दारू प्यायल्यास शरीरात विषारी द्रव्य साचते, चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब एकदम खाली येतो. रुग्णाने समजून-उमजून आणि तपासणी करून घेतले, तर त्याचा उपयोग होतो. परंतु दारू सोडविणारी पूड म्हणून काही जण ते गुपचूप भाजीत वा चहात कालविण्यासाठी घरच्यांना देतात. नकळत औषध पोटात गेलेला माणूस संध्याकाळी गुत्त्यावर जातो आणि रात्री रुग्णालयात पोहोचतो. पत्नीला हे समजावून सांगण्याचे काम अनेकदा सल्लागारालाच करावे लागते. तो दारूचा पूर्वीचा गिऱ्हाईक असल्यामुळे तिला त्याचे म्हणणे पटते.

सल्लागाराची स्वतःची स्थिती हीही एक नाजूक बाब आहे. दिवसभर दारूच्याच गोष्टी ऐकावयाच्या, वास येणाऱ्या माणसांच्या शेजारी बसावयाचे, ज्याच्यासाठी महिनाभर धडपड केली तो पुन्हा घसरलेला पाहावयाचा. अशाने काहींची जुनी तलफ जागी होते. इतरांना सोडविणे हेच आपले औषध आहे, असे मानून जो स्वतःच्या गटसभेला जाणे थांबवितो, तो विशेष धोक्यात असतो. म्हणूनच नुकत्याच सुटलेल्या माणसाला हे काम लगेच देऊ नये, काही वर्षे त्याची दारू सुटलेली असावी, त्याला समुपदेशनाचे शिक्षण मिळावे, आणि त्याच्यावर लक्ष ठेवणारा कोणी जाणता माणूस असावा, असा दंडक चांगल्या संस्था पाळतात. पगार अपुरा असणे हीही तक्रार खरी आहे. अनुभवाला मान आणि पदवीला पैसा, अशी विभागणी येथेही दिसून येते.

आणखी एक मर्यादा काळाने आणली आहे. या साऱ्या पद्धतीचा आधार म्हणजे कायम नोकरी. ती जाईल या भीतीने आणि ती राहील या आशेने कामगार उपचाराला तयार होतो. परंतु आज पुष्कळ कारखान्यांत निम्मे काम कंत्राटी कामगार करतात. त्यांच्यातील एखादा पिऊन आला, तर ना आरोपपत्र निघते ना समज मिळते. मुकादम दुसऱ्या दिवशी त्याला बोलावीतच नाही. हा माणूस सल्लागारापर्यंत पोहोचावा कसा, याचे समाधानकारक उत्तर अद्याप कोणत्याही योजनेत सापडत नाही. बांधकामाचे नाके, बाजार समित्यांचे माथाडी, साफसफाईचे कामगार यांच्यापर्यंत जो जाईल, तो वस्तीतून उभा राहिलेला सुटलेला माणूसच असेल, असे वाटते.

परत कामावर

उपचार पुरा करून आलेल्या कामगाराचा खरा कसोटीचा काळ कारखान्यात परतल्यावर सुरू होतो. पहिल्या दिवशी सोबती त्याच्याकडे चोरून पाहतात. कोणी थट्टेने विचारतो, "काय, एकादशी किती दिवस?" कोणी जुन्या मैत्रीच्या आठवणीने संध्याकाळी नेहमीच्या ठिकाणी चलण्याचा आग्रह धरतो. पतपेढीचे हप्ते थकलेले असतात, सावकार दाराशी येतो, आणि दारू सुटली म्हणून यांतले काहीच एकदम मिटत नाही. समजूतदार व्यवस्थापन अशा वेळी त्याला काही आठवडे धोक्याच्या यंत्रापासून दूर ठेवते, रात्रपाळी देत नाही आणि त्याच्या जुन्या खाड्यांचा उल्लेख करीत नाही.

सल्लागार मात्र पगाराची तारीख लक्षात ठेवतो. पूर्वी रोख पगार मिळे, तेव्हा कामगारांच्या बायका मुले घेऊन फाटकाशी उभ्या राहत. आता पगार बँकेत जमा होतो आणि एटीएमचे कार्ड खिशात असते. पहिले काही महिने ते कार्ड पत्नीकडे ठेवावे, असे तो आधीच दोघांशी बोलून ठरवितो. आणि त्या संध्याकाळी पाळी सुटण्याच्या वेळेस फाटकाबाहेर येऊन उभा राहतो. दोघे चहा घेतात, देशी दारूच्या दुकानावरून जाणारा नेहमीचा रस्ता सोडून मागच्या रस्त्याने चालत गटसभेच्या खोलीपर्यंत जातात.